पार्किंगमधली चूल

तमाम साहित्यप्रेमी बंधुभगिनींना जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, मराठीत एकही लेखिका चुलीशिवाय लेखिका होऊ शकत नाही. जिच्या घरी चूल नसेल तिच्यासाठी ती टेम्पोतून मागवण्यात येते. ती टेम्पोतून उतरवताना मी स्वतः हात लावला आहे, तेव्हा पुराव्याची काळजी नसावी.

वर्तमानपत्रातल्या साहित्यवार्तांचं मला शाळेपासून व्यसन. लोक आधी राशिभविष्य बघतात, मी कोणाचं पुस्तक आलं, कोण कोणावर रुसलं, कोणी पुरस्कार नाकारला आणि मग हळूच घेतला, ते बघते. त्यातही बायकांच्या पुस्तकांच्या बातम्या कापून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. तो डबा उघडला की शिसारी येते, आणि खरं सांगते, त्या शिसारीची मला चटक लागली आहे. ‘संसाराच्या जबाबदाऱ्या सांभाळून लेखन.’ ‘पतीच्या भक्कम पाठिंब्यामुळे.’ ‘हळव्या मनाच्या लेखिका.’ एकाही कादंबरीकाराने दाढी-अंघोळ सांभाळून कादंबरी लिहिल्याचं कात्रण मला अजून मिळालेलं नाही. शोध चालू आहे.

कासारसाईच्या रस्त्याला आमच्या गल्लीत माझी एक मैत्रीण राहते. तिची तीन मजली इमारत आहे, वरच्या दोन मजल्यांवर आयटीतल्या मुली भाड्याने राहतात. गेल्या वर्षी या बाईने एक छोटी कादंबरी लिहिली, आणि मी सलग वाचून काढली. गोष्ट तिच्याच घरची. वडिलांच्या जमिनीला गिऱ्हाईक आलं तेव्हा भावाने तिन्ही बहिणींना माहेरी जेवायला बोलावलं. पुरणपोळी झाली, नव्या साड्या नेसवल्या आणि त्याच साड्यांत गाडीत बसवून पौडला कचेरीत नेलं. तिथे हक्कसोडपत्रावर तिघींच्या सह्या घेतल्या. परतताना तिघी एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि त्यानंतरही त्या सह्यांचा विषय कधी निघाला नाही. कादंबरी एवढीच, त्या गाडीतल्या परतीची.

“माझ्या बहिणी पुस्तक वाचायच्या न्हाईत, ताई,” ती मला म्हणाली होती. “पण पेपर वाचतात. कशावर लिवलंय ती एक ओळ छापून आली, तर त्या इचारतील. मी तोंडानं इषय काढायला गेले तर रडू येतंय, न्हाईतर भांडण हुतंय.”

एक ओळ! मी बाह्या सरसावल्या. एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत काम करणाऱ्या बाईंना पुस्तक पाठवलं, फोन केले, पुन्हा फोन केले. शेवटी त्या फोटोग्राफरला घेऊन आल्या. पुस्तकाचं मलपृष्ठ त्यांनी गाडीत येता येता वाचलं होतं. हक्कसोडचा मुद्दा नक्की घेते म्हणाल्या. मग घरभर नजर फिरवून विचारलं, “चूल कुठे आहे?”

चूल नव्हती. गॅस होता, मायक्रोवेव्ह होता. बाईंचा चेहरा पडला. वाचकांना आवडतं, त्यांनी समजावलं. फोटोग्राफर अनुभवी. वाटेवरच्या हुरडा पार्टीच्या फार्महाऊसवर त्याने शोभेची चूल पाहून ठेवली होती. फोन झाला, अर्ध्या तासात चूल आली. ती पार्किंगमध्ये मांडली, मागच्या मोटरसायकलींवर घोंगडी टाकली. जळण मिळेना, तेव्हा वरच्या मुलींच्या पार्सलचे पुठ्ठे फाडून पेटवले. फुंकर मी मारली. त्या धुरातला थोडा धूर माझा आहे, हे मान्य करते आणि स्वतःचीही किळस येते, असं नोंदवते.

आता एक घरगुती गुपित. त्या घरात भाकरी तिचा नवरा थापतो. लहानपणी आई गेली, धाकट्या भावंडांना यानेच करून घातलं, हात बसला तो कायमचा. त्याच्या हातची भाकरी चंद्रासारखी फुगते. पण परातीला हात लावण्याआधी तो दाराला कडी घालतो. पारावर कळलं तर मेल्यावरसुद्धा तेच बोलतील, हे त्याला ठाऊक. मला कळलं ते एकदा मागच्या दाराने गेले म्हणून. त्याने मला चहा पाजून शपथ घातली होती.

मैत्रिणीने पहिली भाकरी थापली, ती फाटली. दुसरी तव्यावर पडताना दुमडली. तिसरीला काय म्हणावं मला ठाऊक नाही. पुरवणीच्या बाई घड्याळ बघायला लागल्या. ती मात्र त्या एका ओळीसाठी धुरात डोळे पुसत चौथा उंडा मळत होती. तेवढ्यात नवरा आत गेला आणि दुपारच्या जेवणातली एक भाकरी आणून, कोणाकडे न बघता, तव्यावर टाकून निघून गेला. फोटो सुरेख आला.

रविवारी बातमी आली. ‘चुलीच्या धगीत फुलली लेखणी’. पहाटे पाचला उठून ती सगळ्यांच्या भाकऱ्या करते आणि मगच कागदाला हात लावते, असं छापलं होतं. पतीची मोलाची साथ होती. गावच्या मातीचा गंध होता. हक्कसोड नव्हतं, पौड नव्हतं, बहिणी नव्हत्या. मी ते पान कापलं नाही, चिमटीत धरून बाजूला ठेवलं. मेलेलं झुरळ धरतात तसं.

दुपारी तिच्या दोघी बहिणी पेढे घेऊन हजर. मीही होतेच, असल्या ठिकाणी मी असतेच. थोरलीने चष्मा लावून अख्खी बातमी मोठ्याने वाचली, फोटोवरून हात फिरवला.

“चूल कवा घेतलीस गं? आन् भाकरी बरी जमली तुला. आईकडं असताना कदी आली न्हाई.” मग पान उलटून पाहिलं. “पर बुकात काय लिवलंयस, त्ये न्हाई दिलं कुटं.”

मैत्रीण उठून ओट्याकडे गेली आणि आमच्याकडे पाठ करून चहाचं आधण ठेवायला लागली. भांड्यात पाणी किती वेळ पडत राहिलं. मी तोंडात पेढा कोंबला. आयुष्यात फार थोड्या वेळा स्वतःचं तोंड असं बंद केलं आहे, पण ती गोष्ट माझी नव्हती. धाकटी खाली बघत पेढ्याच्या खोक्याची दोरी गुंडाळत बसली.

नवरा दारात उभा होता. त्याने एकदा बायकोच्या पाठीकडे पाहिलं, एकदा फोटोकडे.

“आक्का,” तो म्हणाला, “पौडला तुमच्या तिघींच्या सह्या कशा घेतल्या, त्ये लिवलंय तिनं. आन् ती भाकरी माझ्या हातची हाय.”