कोशबाईंचे दोषपत्र

औषधांच्या कारखान्यात कोशबाईंना मूळ नावाने हाक मारणारे कोणी उरले नव्हते. औषधांसोबतच्या माहितीपत्रकांचे इंग्रजीतून भाषांतर करणे हे त्यांचे काम, आणि शब्दाचा कीस काढणे हा स्वभाव. बढत्या मात्र कीस न काढणाऱ्यांनाच मिळत गेल्या.

त्या दुपारी त्या डबा उघडतात तोच नणंदेचा फोन आला. ती एका लहान रुग्णालयात परिचारिका होती.

"वहिनी, सर्पदंशाच्या इंजेक्शनचं नवं पत्रक तुम्हीच केलंय ना? नमुन्याच्या प्रती आल्यात इकडे. झुरळांचं औषध प्यायलेल्या बाईचा नवरा ते नाचवत भांडत होता. 'विषबाधा झाल्यास' असं छापलंय, मग टोचत का नाही? डॉक्टरांचा अर्धा तास त्याची समजूत काढण्यात गेला. बाई वाचली म्हणा."

कोशबाईंचा घास हातातच राहिला. मूळ इंग्रजी मसुद्यात व्हेनम होते. पॉयझन आणि व्हेनम यांतला भेद त्यांनी झोपेतही सांगितला असता. पॉयझनच्या मुळाशी लॅटिनमधले 'पेय' आहे. ते घशाखाली उतरते. व्हेनम दातातून, नांगीतून रक्तात शिरते, आणि त्याचे मूळ म्हणे वशीकरणाच्या काढ्यात आहे. मराठीत दोन्ही विषच. म्हणून 'दंशामुळे' हा शब्द जोडावा लागतो. घाईत नेमका तोच राहिला होता.

त्या धावतच छपाई विभागात गेल्या.

"साहेब, यंत्र थांबवा."

व्यवस्थापकांनी कारण ऐकून घेतले. "बाई, विष ते विष. साप काय सरबत पाजतो?"

"तेच पत्रकात लिहिलेलं नाही. प्यायलेल्या माणसाला हे टोचून उपयोग नाही, आणि वेळ मात्र जातो."

"मग भरा दोषपत्र."

तिथला शिरस्ताच तसा. 'तपासले, योग्य' या शेऱ्याखाली ज्याची सही, त्यानेच दोषपत्र भरून यंत्र थांबवायचे. या पत्रकावर सही कोशबाईंची होती. आणि अशी दोन झाली की नोकरी संपली. कोशबाईंच्या नावावर एक होते. तीही दुसऱ्या कोणाची तरी चूक, तीन वर्षांपूर्वी त्यांच्या माथी मारलेली. घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, आणि मिळवते माणूस एकच.

"उद्या माल गेला की कोण विचारतंय?" व्यवस्थापक मवाळपणे म्हणाले. "डबा खाऊन या."

कोशबाईंनी पेन मागून घेतले आणि लिहिले: 'दंशामुळे हा शब्द माझ्याकडून गळला.'

यंत्र थांबले. मग कळले की सकाळीच सात रुग्णालयांकडे हेच पत्रक घातलेल्या इंजेक्शनांची पहिली खोकी रवाना झाली आहेत. कोशबाईंनी यादी मागितली आणि तिथल्याच स्टुलावर बसून एकेक नंबर लावला. सहा ठिकाणी निरोप पोचला. सातव्या ठिकाणी नुसती घंटी वाजत राहिली. त्यांनी पुन्हा तोच नंबर लावला.