ओवीतली सारजा

भागूबाईंची सारजा बहात्तरच्या दुष्काळात गेली. करमाडच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. घागर भरायला सात वर्षांची पोर आत उतरली, ती जिवंत वर आली नाही. तिचा फोटो नव्हता, शाळेत नाव घातलं नव्हतं. पुढं जमीन कंपन्यांत गेली, विहीर बुजवून तिथं गोदाम झालं आणि लेकामागं भागूबाई शहरात फ्लॅटमध्ये आल्या. लेकीचं नाव उरलं ते फक्त त्यांनी जात्यावर रचलेल्या ओवीत.

आटली गं विहीर, दोर पुरंना तळाला
हाक मारू किती, माझ्या सारजा बाळाला

पुन्हा दुष्काळ पडला, शहरात टँकर फिरू लागले, त्या वर्षी नात प्रेरणानं कॉलेजच्या प्रकल्पासाठी ही ओवी रेकॉर्ड केली. "आजी, हे डिजिटल लायब्ररीत राहील. आत्याचं नाव कधी पुसणार नाही." म्हातारीला त्यातलं 'पुसणार नाही' एवढंच कळलं. त्या दिवशी त्यांनी शिरा केला.

कॉलेजच्या लायब्ररीतल्या उमा मॅडम दर वर्षी नव्या पोरांना घसा कोरडा होईस्तोवर सांगत, वापरा, पण ज्याचं आहे त्याचं नाव खाली लिहा. पोरं माना डोलावत आणि डाउनलोड करत. फुकट ते पौष्टिक. जसंच्या तसं घेतलं तर चोरी, दोन शब्द फिरवले की आपलं, हे मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक. कुठल्या शहाण्यानं शिकवलं, देव जाणे.

स्नेहसंमेलनात मनस्विनी नावाची मुलगी ओवी गाणार असं कळल्यावर प्रेरणा आजीला घेऊन गेली. एवढ्या माणसांत लेकीचं नाव घेतलं जाणार म्हणून भागूबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. मुलीचा गळा गोड होता.

हाक मारू किती, माझ्या लाडक्या बाळाला

भागूबाईंना वाटलं, आपल्यालाच कमी ऐकू येतंय. मुलीनं ओळ पुन्हा घेतली. नाव नव्हतंच. लोक टाळ्या वाजवत होते.

प्रेरणा तावातावानं उठली. तिला मागं सारून भागूबाईंनीच त्या मुलीला स्टेजमागं गाठलं.

"बाई, ह्यातली सारजा कुठं गेली?"

"ते होय? कॉपीराइटचं लफडं नको म्हणून नाव काढलं, आजी. लायब्ररीतलंच आहे, सगळ्यांसाठी असतं. सारजा कोण?"

"माझी लेक. विहिरीत गेली."

मनस्विनीचा चेहरा उतरला. तालमीचा व्हिडिओ तर केव्हाच मोबाइलवरून गावभर झाला होता, लोक तसंच गुणगुणत होते. तो आता परत कसा घेणार? पोर वाईट नव्हती. तिनं वाकून पाय धरले.

"चुकले, आजी. व्हिडिओखाली तुमचं नाव घालते. आत्ता लगेच."

भागूबाईंनी तिला उठवलं, तिचे डोळे पदरानं पुसले.

"माझं कशाला घालती बाई? मी तं काठावरच उभी व्हते. आत ती उतरली व्हती."