हळदीकुंकवाचा फोटो

गौलीगुड्याच्या नामदेवरावांचा भारी दरारा. रेल्वेत तिकीट तपासनीस होते. निवृत्तीनंतर हैदराबादेतल्या मराठी मंडळींचा ऑनलाइन कट्टा चालवायला घेतला, तर तिथंही तीच टीसीगिरी! एकाच बारशाचे चाळीस फोटो टाकले की दटावणी. न विचारता दुसऱ्याचा फोटो टाकला की महिनाभर बंदी. सख्ख्या साडूचीही त्यांनी गय केली नव्हती.

आणि याच गृहस्थांनी रविवारी सावित्रीबाईंच्या हळदीकुंकवाचा फोटो कट्ट्यावर टाकला. बायकोच्या नव्या पैठणीचं कौतुक, दुसरं काय! घरचा कार्यक्रम, घरच्या बायका. त्यांना कसलं विचारायचं?

सोमवारी सकाळी फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘मागं उभी आहे ती उदगीरच्या शिवराजची बायको ना?’

नामदेवरावांनी फोटो मोठा करून पाहिला. तिळगुळाचं ताट घेऊन मागं त्यांची भाची प्रणिता उभी होती. सहा महिन्यांपूर्वी नवऱ्याचा मार खाऊन ती अंगावरच्या साडीनिशी त्यांच्याकडं आली होती. ती कुठं आहे हे शिवराजला कळू नये म्हणून तिच्या आईनंसुद्धा तोंडाला कुलूप लावलं होतं.

त्यांनी घाईघाईनं फोटो काढून टाकला. पण तोवर दोनशे जणांनी तो पाहिला होता. गप्प बसावं का? कुणी जाब विचारणार नव्हतं. स्वतःचीच शरम वाटून त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि प्रणिता काम करायची तो कोठी भागातला दवाखाना गाठला.

“मामा, तुम्ही इकडं? क्या हुआ?”

त्यांनी सांगून टाकलं. प्रणिताचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सावित्रीबाई कुजबुजत होत्या, “अहो, शिवराज आलाय. दार बडवतोय. प्रणिताला बाहेर काढा म्हणतो.”

“शिवराज घरी आलाय?” नामदेवराव ओरडलेच. प्रणितानं फोन काढून घेतला. “मामी, दार उघडू नक्को. शेजारच्यांना हाक मार. मी पोलिसांना घेऊन येते.”

तिनं पर्स उचलली. नामदेवराव पुटपुटले, “पोरी, चुकलं माझं.”

“सहा महिने मी सगळ्यांना भिऊन राहिले, मामा,” ती म्हणाली, “फक्त तुम्हाला नाही.”

ती जिना उतरून पोलीस ठाण्याकडं चालू लागली. नामदेवराव खाली मान घालून तिच्या मागं निघाले.