गुलाबांना नावं होती

"चपला काढ. हातात घे."

माझा एक पाय बंगल्याच्या पायरीवर होता, एक खाली. माझ्यापुढून शाळेची चाळीस पोरं जशी होती तशी आत गेली होती. हेडमास्तर वहाणा करकरवत आत गेले. थांबवलं मला एकटीला.

थांबवणारे साखर कंपनीचे जुने हेडक्लार्क. बंगला दाखवायचं काम त्यांच्याकडे होतं.

"तू गिरजीची ना? बागेला पाणी घालायची ती महारीण?"

"होय."

"मग रीत तुला सांगायला नको."

मी बावीस वर्षांची. कंपनीच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागून तीन महिने झालेले. अंगावर इस्त्रीची साडी, हातात हजेरीची वही. पोरं आतून बघत होती. मी चपला काढल्या. अजून सांगताना कान तापतात. पण काढल्या. हातात घेतल्या.

दुष्काळाचं साल होतं. घोडेगावच्या बाजारात बैल नेले तर कुणी दावं धरत नव्हतं. आमच्या वस्तीत तीन दिवसांनी टँकर यायचा. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. आणि त्याच उन्हाळ्यात कंपनीनं इंग्रज मॅनेजरचा हा बंगला नवा केला. वीस वर्षं तिथं वटवाघळं होती. आता कौलं नवी, सागवानाला पॉलिश, पाहुण्यांना दाखवायला मोकळा. बाहेर हिरवळ. तिच्यावर फिरतं कारंजं.

बागेत प्रत्येक गुलाबाजवळ पत्र्याची पाटी होती. मडमेनं ठेवलेली नावं, पुन्हा रंगवलेली. पोरांनी ती अक्षरं जुळवून मोठ्यानं वाचली. मिस डोरा. व्हाइट लेडी.

"हा सगळा माळ होता," हेडक्लार्क म्हणाले. "साहेबानं स्वतःच्या हातानं ही बाग फुलवली."

चपला हातात होत्या.

मग दिवाणखाना. भिंतीवर मोठा फोटो. खुर्चीत साहेब, शेजारी मडम, पायाशी कुत्रा. खाली सुबक अक्षरांत तिघांचीही नावं. कुत्र्याचं नाव रेक्स. मागं, गुलाबाच्या वाफ्यापाशी, डोक्यावर घागर घेतलेली एक बाई. कासोटा घातलेला, पोट पुढं आलेलं.

आई. आणि त्या पोटात मी. स्वातंत्र्य आल्यावरही साहेब दोन-तीन वर्षं राहिला होता, त्या वेळचा फोटो.

वर्गातली एक पोरगी फोटोकडं बोट करून म्हणाली, "बाई, ही कोण?"

मी तोंड उघडायच्या आत हेडक्लार्क म्हणाले, "ती कुणी नाही. फोटो काढताना मधे आली."

दारात माझी जात ओळखायला त्यांना हिचं नाव बरोबर आठवलं होतं. भिंतीपाशी आल्यावर ती कुणी नव्हती.

मी त्या चकचकीत फरशीवर चपला टाकल्या. पायात घातल्या. आवाज घुमला.

"ही गिरजाबाई," मी पोरांना सांगितलं. "माझी आई. कालव्यावरून डोक्यानं पाणी आणून ही बाग हिनं जगवली. साहेबानं नाही."

हेडक्लार्कांचं तोंड लाल.

हेडमास्तर दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, बाहेर चला."

शाळेत आल्यावर त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. "माफी लिहून द्या. तुम्ही अजून कायम नाही. विचार करा."

कागद घेऊन घरी गेले. आई कामावरून आली होती. अंगठ्याला बांधलेली चिंधी सोडवत बसली होती. सगळं सांगितलं.

"खरंच मी हाय फोटूत?"

"आहेस."

"प्वाट दिसतंय?"

"दिसतंय."

तिनं चुलीत काटकी सारली. मग म्हणाली, "त्या दिशी सायेब वरडला, बाजूला हो. घागर भरलेली हुती. भरलं प्वाट. मला झटक्यात सरकता आलं न्हाई."

मला वाटलं आता ती मला शाबास म्हणेल. ती म्हणाली, "माफी लिवून दे. म्या लई दगडं फोडलीत तुला शिकवायला. नोकरी घालवू नगं."

मी तिच्या अंगठ्याकडं पाहिलं. तिचं ऐकायचं नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ठरवलं.

सकाळी हेडमास्तरांना कागद दिला. दोन ओळी होत्या. मी माफी मागत नाही. फोटोखाली गिरजाबाईचं नाव लिहावं.

"परिणाम माहीत आहे ना?"

"आहे."

आठ दिवसांत मला काढलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर खडी फोडायला गेले. तिनं न बोलता स्वतःचा हातोडा मला दिला आणि मुकादमाकडून दुसरा मागून आणला.

संध्याकाळी घरी आल्यावर मी कंपनीला पत्र लिहिलं, फोटोखाली आईचं नाव लिहा म्हणून. तळहाताला फोड आलेले. अक्षर वाकडं आलं. पुन्हा लिहिलं नाही. तसंच पाकिटात घातलं.

उत्तर आलं नाही. मी दुसरं लिहिलं. त्यालाही नाही. आता तिसरं लिहितेय.

ते थकतील. मी थकणार नाही.