पाडायची राहिलेली भट्टी

हायडेलबर्गमधली आमची भाड्याची जागा घरमालकांना त्यांच्या मुलीसाठी हवी झाली, तेव्हा मी आणि माझा नवरा प्रत्येक शनिवारी दुसरी जागा शोधत हिंडायला लागलो. एकेका फ्लॅटसाठी जिन्यापासून रस्त्यापर्यंत माणसं उभी असायची. शेवटी माझ्या प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने त्याचं डोंगरातलं गाव सुचवलं. तिथली तरुण मंडळी शहरात गेली होती आणि भर गावात घरं ओस पडली होती. असं पडीक घर विकत घेऊन, दुरुस्त करून स्वतः राहायला येणाऱ्याला सरकार अनुदान द्यायचं. त्याला इथे फ्योर्डरुंग म्हणतात.

आम्ही बघायला गेलो ते घर म्हणजे गावाची जुनी बेकरी होती. बेकरीवाले नवरा-बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, वारस लांब कुठेतरी. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, पन्हळीत बर्चचं चांगलं हातभर रोप उगवलेलं. नवऱ्याचा चेहरा उजळला. तो मेकॅनिकल इंजिनियर, मोडकं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. मला मात्र वाटलं, गाडी वळवावी आणि सरळ परत जावं.

मग माझं लक्ष पायऱ्यांकडे गेलं. त्या लख्ख झाडलेल्या होत्या. एवढ्यात शेजारच्या घरातून एक आजी किल्ली घेऊन आल्या.

"पायऱ्या कोण झाडतं?" मी विचारलं.

"मी. दर शनिवारी."

"पण इथे तर कोणी राहत नाही."

"म्हणून काय झालं? रस्त्याला कळायला हवं ना, की घर अजून आहे."

घर घ्यायचं माझ्यापुरतं तिथेच ठरलं.

घर नावावर झालं, अनुदानाचा अर्ज गेला. गावाच्या कचेरीतल्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, मंजुरी येईपर्यंत कामाला हात लावायचा नाही. एक भिंत जरी आधी पाडली, तरी अनुदान हातचं गेलं. नेमक्या त्याच दिवसांत अहो आई कऱ्हाडहून आल्या. माझ्या सासूबाई, पदर खोचूनच विमानातून उतरलेल्या. मुलाचं घर उभं करायला हातभार लावायचा, हा त्यांचा बेत होता.

"घर आपलं, आणि खिळा ठोकायला सरकारची परवानगी?"

"अहो आई, नियम आहे. वाट बघायची."

"आणि अंगणातलं गवत? तेही सरकारचं का?"

मी कचेरीत फोन करून विचारलं. गवत आमचंच होतं. दुसऱ्या दिवसापासून अहो आई परसात उतरल्या. काटेरी झुडपं कापताना आवाज झाला म्हणून शेजारच्या आजी कुंपणापाशी आल्या, थोडा वेळ बघत राहिल्या आणि घरातून आपली कात्री घेऊन आल्या. त्यानंतर दोघी रोज बरोबर. या मराठीत बोलायच्या, त्या जर्मनमध्ये, आणि कोणाचंच काही अडायचं नाही. झुडपांखाली हिरव्या आंबट गूजबेरी निघाल्या. अहो आईंनी त्यांचं लोणचं घातलं. आजींनी ते चाखलं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि बरणी पुन्हा पुढे केली. आठवड्याभरात अहो आई "या, गेनाऊ", म्हणजे "हो, अगदी बरोबर", म्हणायला शिकल्या, आणि त्यांना काही पटलं की कऱ्हाडला फोनवरसुद्धा तेच म्हणायला लागल्या.

एके दिवशी नवऱ्याने आजींना घराचा नकाशा दाखवला. दुकानाच्या जागी बैठक, मागे विटांची मोठी भट्टी होती ती पाडून तिथे न्हाणीघर. आजींनी नकाशावर भट्टीच्या जागी बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "लग्नाआधी मी इथे पाव विकायला उभी असायचे. माझं एक मागणं आहे. पाडण्याआधी ती एकदा पेटवा."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. पेटवणं म्हणजे काही बांधकाम नव्हे, त्यामुळे नियमाची आडकाठी नव्हती. पण धुराडं तपासणाऱ्या माणसाच्या होकाराशिवाय जर्मनीत कोणी चूल पेटवत नाही. तो आला, काळ्या कपड्यांत, खांद्यावर ब्रश. धुराड्यातून पक्ष्यांची घरटी काढली, विटा ठोकून पाहिल्या आणि म्हणाला, "बांधणाऱ्याने मनापासून बांधलीय. पेटवा खुशाल, पण हळूहळू तापवा."

रविवारी सकाळपासून आम्ही लाकडं घालत होतो. दुपारी धुराड्यातून सरळ उंच धूर निघाला, तसे लोक घराबाहेर यायला लागले. आधी समोरचे आजोबा, मग त्यांची सून, मग वरच्या आळीतली माणसं. सगळे नुसते धुराकडे बघत उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांतलेच काही घरी जाऊन कणकेचे गोळे मळून घेऊन आले. गावच्या महापौर बाई सायकलवरून चालल्या होत्या, त्याही उतरल्या.

पाव निघाले. पहिला घाणा एका बाजूने करपला आणि तोच सगळ्यात आधी संपला. अहो आईंनी तोवर निखाऱ्यांत वांगी खुपसून ठेवली होती. सोलून, कांदा-मिरची-कोथिंबीर घालून भरीत केलं आणि गरम पावावर थापून एकेकाच्या हातात द्यायला लागल्या. समोरच्या आजोबांनी तीनदा घेतलं. आजी दुकानाच्या मोठ्या खिडकीशी उभ्या राहून पाव कापत होत्या आणि प्रत्येकाला नावाने हाक मारून देत होत्या. त्यांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

माणसं पांगल्यावर नवरा भट्टीच्या तोंडाशी बसून राहिला. वीट अजून गरम होती.

"न्हाणीघर त्या पीठ साठवायच्या खोलीत बसेल का रे?" मी विचारलं.

"मी मघाशीच मोजून आलो," तो म्हणाला. "बसतं."

सोमवारी त्याने कचेरीत फोन केला. मंजुरीच्या आधीच विचारलंत ते बरं केलंत, त्या बाई म्हणाल्या, नवा नकाशा पाठवा. मंजुरी लवकर आली असती तर भट्टी एव्हाना पाडून झाली असती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. एरवी त्या उशिरावर आम्ही रोज चिडत होतो.

मंजुरीची बातमी सांगायला महापौर बाई स्वतः आल्या. अहो आईंनी बातमी पुरती ऐकलीसुद्धा नाही. आत जाऊन ओल आलेल्या भिंतीवरचा जुना वॉलपेपरचा कागद दोन्ही हातांनी असा ओढला, की वरपासून खालपर्यंत एकच पट्टा निघाला. आम्ही सगळे टाळ्या वाजवायला लागलो. मग महापौर बाईंनीही कोट काढून ठेवला आणि शेजारचा पट्टा धरला.

थोड्या वेळाने घाम पुसत त्या हसून मला म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंना विचारा, चर्चमागे अजून एक घर रिकामं आहे. त्यांच्यासाठी बघायचं का?"

मी मराठीत सांगितलं. अहो आईंनी हातातला कागद खाली ठेवला आणि गंभीरपणे विचार केला.

"छप्पर कसंय, ते विचार आधी," त्या म्हणाल्या.