शेवाळे मॅडमचे अकरा दिवस

शेवाळे मॅडम सकाळी आल्या की लगेच जागेवर बसत नसत. पर्स खुर्चीला अडकवायच्या आणि चहाचा कप घेऊन एकेका टेबलापाशी जायच्या. ‘काय करतोयस?’ असं त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एकच, ‘कशाची वाट बघतोयस?’ आणि खरोखरच जो तो कशाची तरी वाट बघत असे. कोणी पासवर्डची, कोणी ग्राहकाच्या उत्तराची, बरेच जण माझ्या होकाराची.

नाशिकला अंबडकडे आमची सॉफ्टवेअर बनवणारी लहानशी कंपनी. मी टीमचा प्रमुख. तयार झालेलं काम तपासून त्यातल्या चुका काढायच्या मॅडम. त्या मूळच्या नामपूरच्या. एरवी बोलणं शहरी, पण वैतागल्या की अहिराणी बाहेर पडे. मीटिंग लांबली की शेजारी बसून पुटपुटायच्या, ‘बोलनं व्हई गयं, काम कोठे शे?’

त्या वर्षी आमचं प्रत्येक काम उशिरा जाऊ लागलं. मालकांनी शनिवारची सुट्टी बंद केली. आम्ही सहा दिवस येऊ लागलो, तरी उशीर तेवढाच. तेव्हा मॅडमनी एक अगदी किरकोळ दुरुस्ती निवडली. एका फॉर्मवरचा एक शब्द चुकला होता, एवढंच. ती दुरुस्ती कोणाकडे किती वेळ पडून राहते, ते त्या रोज एका कागदावर टिपत गेल्या. शब्द बदलून ग्राहकापर्यंत पोचायला अकरा दिवस लागले. प्रत्यक्ष काम पाऊण तासाचं. पाच दिवस ती माझ्या मंजुरीसाठी पडून होती.

मालकांच्या आधी त्यांनी कागद मला दाखवला.

‘माझं नाव घालू नका,’ मी म्हणालो.

‘नाव नाही घालत, सर. पण दिवस खोडणार नाही.’

मीटिंगमध्ये मालकांनी कागदावरून नजर फिरवली. ‘तपासायला दोन दिवस? ज्यानं बनवलं त्यानंच तपासायचं. दोन दिवस वाचले.’

‘साहेब, मंजुरीचे पाच दिवस बघा ना,’ मॅडम म्हणाल्या.

‘मंजुरी तर लागतेच,’ असं म्हणून मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

महिन्याभरात मॅडमची जागा रद्द झाली. शेवटच्या दिवशी त्या ड्रॉवर रिकामा करत होत्या. मी जवळ जाऊन म्हणालो, ‘मॅडम, मी बोलायला हवं होतं.’

‘हो, बोलायला हवं होतं.’

आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. मुलीची बारावी आहे, परीक्षेपर्यंत तरी नोकरी टिकायला हवी होती, एवढंच त्या म्हणाल्या. मग तो कागद त्यांनी माझ्या हातात दिला. ‘मागची बाजू कोणी बघितलीच नाही, सर.’

मागे लिहिलं होतं : ‘किरकोळ दुरुस्त्या सरांकडे पाठवू नयेत. रोज तीस-चाळीस गोष्टी त्यांच्याकडे येतात. एकटा माणूस दमतो.’

मी मान वर करेपर्यंत त्या जिना उतरून गेल्या होत्या.

आता किरकोळ दुरुस्त्या माझ्याकडे येत नाहीत, त्याच दिवशी पुढे जातात. पण तो कागद घेऊन मालकांच्या केबिनमध्ये जायला मला आणखी तीन आठवडे लागले.