नाकाला विचारून

डाव्या हाताच्या मागच्या बाजूला तूप चोळायचं, डोळे मिटायचे, हात नाकाशी न्यायचा आणि म्हणायचं, "थांबा, नाकाला विचारून सांगतो." लोणावळ्यात आमच्या शेजारी ज्यांचं तुपाचं दुकान होतं, ते भाऊ मला असेच आठवतात.

गावोगावच्या बायका त्यांच्याकडे लोणी आणत. एकदा औंढ्याची एक मावशी आली. भाऊंनी हुंगलं आणि म्हणाले, "मावशी, तीन दिसांचं हाय."

"न्हाई वो भाऊ, दोनच दिसांचं!"

भाऊंनी पुन्हा हात नाकाशी नेला. "दोन दिस तुमच्याकडं. आधी एक दिस जावेकडं."

मावशी पदर तोंडाला लावून हसत सुटली. जावेचं लोणी तिनं खरंच त्यात मिसळलं होतं. हे त्यांना कसं कळत असेल, याचं मला फार नवल वाटे. विचारायचा धीर मात्र कधी झाला नाही.

मी तेव्हा नवी सून. चौथी शिकलेली, अक्षर बरं, म्हणून भाऊंच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या. प्रत्येक गावचं तूप ते वेगळं कढवत. मी चिठ्ठीवर गावाचं नाव लिहायची: औंढे, वलवण. सासूबाई म्हणायच्या, "लिहिते छान, पण तोंडात जीभ आहे की नाही, कोण जाणे."

मग मुंबईच्या व्यापाऱ्याचं पत्र आलं. तूप दुसऱ्या मुलखात पाठवायचं, तर डब्यावर आता सरकारी शिक्का हवा. दिवाळीपर्यंत शिक्का मिळाला नाही, तर तुमचा माल बंद. भाऊंचं बहुतेक तूप त्याच व्यापाऱ्याकडे जाई.

पुण्याहून तपासनीस आले. त्यांनी बाटलीत नमुना भरला, तोंडावर लाख ओतून मोहोर उठवली आणि बाटली रेल्वेच्या पार्सलनं प्रयोगशाळेत पाठवायला सांगितलं.

"तिथं कसं तपासतात, साहेब?"

"काचेच्या नळ्यांत घालून."

"नळीला नाक असतं का?" भाऊंनी विचारलं. साहेब हसले नाहीत.

पार्सल शिवायच्या कापडावर पत्ता लिहायला बाटली माझ्याकडे आली. सोबतचा कागद मी वाचला. लाख फुटल्यास नमुना बाद, असं त्यात होतं. तेवढ्यात भाऊ म्हणाले, "सूनबाई, न हुंगता माझ्या हातून तूप कधी कुणाकडं गेलं नाही. सरकारकडं जाईल?" आणि त्यांनी नखानं लाख उचकटली. मला सगळं कळत होतं. जीभ मात्र उचलली नाही. त्यांनी हुंगलं, मान डोलावली, लाख मेणबत्तीवर वितळवून पुन्हा बसवली.

नमुना बाद होऊन परत आला. तो कागद मीच भाऊंना वाचून दाखवला. त्या दिवशी त्यांनी कुणाचं लोणी घेतलं नाही.

तपासनीस दुसऱ्यांदा आले, तेव्हा दिवाळी तोंडावर होती. बाटली पुन्हा भाऊंच्या हातात. गाडीला वेळ होता. त्यांचा अंगठा हळूहळू लाखेकडे सरकला.

"भाऊ, नको!"

ते दचकले. "अगं, तुला बोलता येतं?" मग बाटली त्यांनी माझ्यासमोर ठेवली. "तूच सांभाळ. या हातांचा भरवसा नाही." गाडीची वेळ होईपर्यंत मी ती पदराखाली धरून बसले.

दिवाळीच्या आधी शिक्का मिळाला. माल सुरू राहिला. पण एका शिक्क्याला एकाच प्रतीचं तूप लागे, म्हणून सगळ्या गावांचं एकत्र कढवू लागले. माझ्या चिठ्ठ्या बंद झाल्या. डब्याचं झाकण कथलाचा डाग देऊन बंद झालं की भाऊ त्या सांध्याशी नाक नेत आणि म्हणत, "हितं काही वास येत नाही."

भाऊंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुकान त्यांचा मुलगा चालवतो, शिक्का तोच आहे. घरी नवा डबा उघडला की मी डाव्या हाताच्या मागच्या बाजूला तूप चोळते आणि डोळे मिटते. वास छान येतो. औंढ्याचं की वलवणचं, ते मला सांगता येत नाही.